डाउनलोड बंद करून पायरसी थांबत नाही

स्वतंत्र संगीतकारांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: एक फुकट डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री. म्हणून डाउनलोडची सोय काढा, गाणी फक्त स्ट्रीमिंगवर ठेवा, फाइलला कुलूप लावा, दिसेल त्या लिंकवर नोटीस धाडा आणि स्वतःहून काहीही मोफत देऊ नका. राग समजण्यासारखा आहे, पण सल्ला बहुतेक ठिकाणी उफराटा आहे.

आधी बुडालेल्या विक्रीचा हिशेब. फुकटात शेकडो गाणी भरून ठेवणाऱ्याने ती सगळी विकत घेतली असती, हे गृहीतच चुकीचं. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या अर्थतज्ज्ञांच्या २००७ च्या अभ्यासात फाइल शेअरिंगचा विक्रीवरचा परिणाम शून्याहून वेगळा काढता आला नाही. लिबोविट्झ यांच्यासारख्या इतर अर्थतज्ज्ञांनी त्यावर सडकून टीका केली आणि नुकसान दाखवणारे अभ्यासही बरेच आहेत. पण ‘पायरसी म्हणजे लहान कलाकाराची फुकट जाहिरात’ हे दुसरं टोकही टिकत नाही. प्रकाशनाआधी फुटलेल्या अल्बमांवरच्या रॉबर्ट हॅमंड यांच्या २०१४ च्या अभ्यासात थोडासा फायदा दिसला, तोही आधीच नाव झालेल्यांना जास्त. तुमच्या हातात असलेलं नुकसान वेगळंच आहे: ज्याला पैसे द्यायचे होते, पण कुठे द्यायचे ते सापडलं नाही, असा श्रोता. ब्राउझरच्या खाजगी विंडोत स्वतःचं नाव, गाण्याचं नाव आणि ‘डाउनलोड’ असं शोधून बघा. पहिल्या पानावर तुमची अधिकृत लिंक नसेल, तर काम तिथून सुरू होतं.

‘फक्त स्ट्रीमिंगवर ठेवा’ हा सल्ला तर थेट खिशाला चाट आहे. स्ट्रीमिंग लावल्याने कॉपी थांबत नाही. लिंक चिकटवली की एमपी३ काढून देणाऱ्या साइट हेच काम करतात. उलट स्पॉटिफायवर २०२४ पासून, आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. डाउनलोड काढून टाकलेल्या नवख्या कलाकाराकडे मग उरतं काय? बँडकॅम्प ही कलाकारांना थेट श्रोत्यांना गाणी विकू देणारी साइट डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापते, पेमेंटचं शुल्क वेगळं. बाकी रक्कम तुमची, अगदी पहिल्या विक्रीपासून.

चोरीच्या प्रतीवर मात करायची तर ती असते कशी ते बघा. ‘३२० केबीपीएस’ (म्हणजे एमपी३चा सर्वांत वरचा दर्जा) असं लेबल लावलेली फाइल स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्या दाखवणाऱ्या चित्रात, उघडली, की बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं दिसतं. म्हणजे कमी बिटरेटचा (कमी दर्जाचा) ऑडिओ काढून, पुन्हा एमपी३ करून, फुगवून ठेवलेला. झांजांची किनार त्यात विरघळलेली असते, फाइलमधली नाव-कलाकाराची माहिती चुकलेली असते, कव्हर गायब. म्हणून तुमच्याकडची प्रत फ्लॅक किंवा वेव्ह या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटमध्ये द्या, सोबत शब्द, श्रेयनामावली, जमल्यास एखादं इन्स्ट्रुमेंटल. व्हिडिओच्या वर्णनात विक्रीची लिंक अगदी पहिल्या ओळीत हवी. फोनवर खालच्या ओळी ‘आणखी’च्या आड जातात.

फाइलच्या कुलपाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्पीकरपर्यंत जे पोचतं ते रेकॉर्ड होतंच. २००५ मध्ये सोनी बीएमजीने सीडींवर एक्ससीपी नावाचं कॉपीविरोधी सॉफ्टवेअर घातलं. ते ग्राहकांच्या संगणकात लपून बसलं, सुरक्षेला भगदाड पाडलं आणि शेवटी त्या सीडी परत बोलवाव्या लागल्या. भुर्दंड बसला तो पैसे देऊन घेणाऱ्यांना. अपवाद एकच: बीट, म्हणजे गाण्यासाठीचं तयार संगीत, विकणाऱ्यांनी नमुन्यात आवाजी टॅग (मध्येच ऐकू येणारं स्वतःचं नाव) जरूर ठेवावा, कारण विकायची वस्तू म्हणजेच टॅग नसलेली फाइल.

नोटिशीचा मुद्दा अर्धा खरा आहे. ‘दिसेल त्या लिंकवर’ हे चुकतं. ‘फ्री डाउनलोड’च्या कित्येक पानांवर गाणं नसतंच, गाण्यांची नावं आपोआप उचलून क्लिकसाठी किंवा मालवेअर पसरवण्यासाठी पानं तयार केलेली असतात. तिथलं बटण दाबू नका आणि नोटिशीत वेळही घालवू नका. जिथे फाइल खरोखर आहे, तिथे आधी फाइल ठेवणाऱ्या सेवेला लिहा, मग सर्च इंजिनला. साइट क्लाउडफ्लेअरच्या (साइटचा खरा होस्ट, म्हणजे फाइल ठेवणारी सेवा, झाकणाऱ्या मधल्या कंपनीच्या) आड असेल तर तक्रार त्यांच्या फॉर्मवर करा. ते ती होस्टकडे पाठवतात.

अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार नोटिशीत सहा गोष्टी लागतात: तुमची सही (टाइप केलेली चालते), कोणती कृती, चोरीच्या प्रतीचा नेमका पत्ता, तुमचा संपर्क, हा वापर परवानगीविना आहे असा प्रामाणिक समज असल्याचं विधान, आणि माहिती अचूक असून तुम्ही हक्कदार किंवा त्यांचे अधिकृत प्रतिनिधी आहात हे विधान. नोटीस बहुतेक वेळा अडते ती तिसऱ्यावर: लोक साइटचं मुखपृष्ठ देतात, फाइलचं पान देत नाहीत. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात दावा लावला नाही, तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत येऊ शकतो. सरसकट नोटिसा सोडणारी ऑटोमॅटिक सेवा लावलीत, तर आपल्याच वितरकाची (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर चढवणाऱ्या कंपनीची) लिंक नाहीतर एखादं कौतुकाचं परीक्षण उडण्याची हमखास भीती.

मोफत देण्याबद्दल: सगळं वाटून टाकू नका, पण एखादं गाणं ईमेलच्या बदल्यात देणं शहाणपणाचं आहे. तो पत्ता पुढच्या प्रकाशनाला कामी येतो, आणि ही यादी कुठल्या अल्गोरिदमच्या मर्जीवर चालत नाही. फक्त क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे कुणालाही ठरावीक अटींवर मोफत वापरू देणारा परवाना, घाईत लावू नका. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही.

त्या संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, तो धोका डाउनलोडपेक्षा महाग पडतो: तुमचं गाणं दुसऱ्याने स्वतःच्या नावाने वितरकामार्फत चढवणं. मग यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओतलं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) दावा त्याचा लागतो आणि जाहिरातीचे पैसेही तिकडे वळतात. यासाठी प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी (रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा, अक्षरं-अंक मिळून १२ चिन्हांचा) क्रमांक, प्रोजेक्ट फाइल आणि एकेका वाद्याचे वा आवाजाचे सुटे ट्रॅक तारखांसह जपून ठेवा. वादात हेच उपयोगी पडतं. कंटेंट आयडी एकट्या कलाकाराला सहसा थेट मिळत नाही, वितरकामार्फत घ्यावं लागतं. पण गाण्यात सॅम्पल पॅकमधला (तयार ध्वनितुकड्यांच्या संचातला) लूप किंवा अनेकांना एकाच वेळी विकली जाणारी, सामायिक परवान्याची बीट असेल तर ते त्यात नोंदवू नका. तोच लूप वापरणाऱ्या भलत्याच लोकांच्या व्हिडिओंवर तुमच्या नावाने दावे लागतील, आणि वितरक तुमची नोंदणी रद्द करू शकतो.