कोन्ते देशमुख?

पीककर्जाचं नवं-जुनं करायला तालुक्याच्या बँकेत गेलो, तर काउंटरवरच्या पोरानं कागद परत सरकवला. "देशमुख, सही जुळत नाही." हात माझा, सही माझी, कर्जही माझंच!

बाकावर एक बुवा पन्नीत खर्रा घोटत बसले होते. आडनाव कानावर पडताच त्यांचा अंगठा थांबला.

"कोन्ते देशमुख व्हा तुमी?"

"दर्यापूरकडचे."

"मंग पंजाबराव तुमचे कोन?"

"कोणी नाही, बुवा."

"असं कसं? ते पापळचे, तुमी दर्यापूरचे. जिल्हा तं एकच हाय!"

"जिल्ह्यात देशमुख पोत्यानं आहेत."

"तरी पन. एक देशमुख दिल्लीत धा वर्सं शेतीचा मंत्री, आन् तुमाले पीककर्ज भेटत नाई! बरं, विलासराव?"

"ते लातूरचे."

"रितेश?"

"त्यांचाच मुलगा."

"म्हंजे तो बी नाई." बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आडनाव मी भाड्यानं आणलं होतं. मग चिमूटभर खर्रा गालात सारून म्हणाले, "नोटीवर सही रायची एका देशमुखाची. माया बाप सांगे."

हे मात्र खरं होतं. चिंतामणराव देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मी उत्साहानं तसं सांगितलं. तिथंच फसलो.

"पाहा! त्याइच्या सहीवर देश चालला, अन् तुमची एका कागदावर चालून नाई रायली!"

अख्खी रांग हसली. काउंटरवरचा पोरगाही हसला. सही ओळखता येत नव्हती, विनोद बरोबर ओळखला.

या बाबतीत शहाणे फक्त गोपाळ हरी देशमुख. 1848 पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी शंभरावर पत्रं लिहिली, सगळ्या समाजाला झापलं, आणि खाली नाव टाकलं 'लोकहितवादी'. कोणते देशमुख, हे विचारायची सोयच ठेवली नाही.

कारण हा प्रश्न गावाचा नसतोच. देशमुखी हे वतन. ज्याच्याकडे परगण्याची वसुली, तो देशमुख. म्हणून लोकहितवादी कोकणस्थ, चिंतामणराव कायस्थ प्रभू, विलासराव मराठा. समोरच्याला जात हवी असते, आणि सरळ विचारायची लाज वाटते. मग बिचारा पंजाबरावांपासून रितेशपर्यंत फिरवून आणतो. बसस्टँडवर हेच, सोयरिकीत हेच, दवाखान्यात सुई टोचताना हेच. वसुली आमच्या कोणत्या पणज्यानं केली देव जाणे. आता आमच्याकडून होते.

तेवढ्यात बुवांचा नंबर लागला. श्रावणबाळचे पैसे. त्यांनी मशीनवर अंगठा टेकवला, मशीन चिवचिवलं, नोटा हातात. थुंकी लावून मोजल्या आणि जाता जाता मला म्हणाले, "अंगठाच लावत जा, देशमुख. सही तुमच्यानं होत नाई."

माझा कागद अजून साहेबांच्या टेबलावर आहे. पाऊस आला, म्हणून सोयाबीनचं बियाणं कृषी केंद्रातून उधार उचललं. तिथल्या मालकानं वहीत नाव लिहिलं, पण कोणते देशमुख ते विचारलं नाही. फक्त केव्हा देता ते विचारलं.