भुसावळच्या भाऊंच्या १ स्टारवर आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुमचं म्हणणं असं की रविवारी पाऊस नसताना झिपलाईन बंद ठेवून दोन तास बसवलं, पोराला वजनावरून परत पाठवलं, वहिनींना ओढणी काढायला लावली, पैसे बुडवले आणि "हे लोक स्वतःच घाबरतात". घाबरतो ना भाऊ, घाबरलो नसतो तर हा धंदा कधीच बंद पडला असता.

पाऊस आपल्या डोक्यावर नव्हता हे खरं, पण पाल गावच्या डोंगरामागे गडगडत होतं. दोन टोकांना टॉवर, मधे २०० मीटर उघडी लोखंडी वायर आणि तिला लटकलेला माणूस, विजेला अजून काय पाहिजे? गडगडाट ऐकू आला की लाईन बंद, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं सुरू नाही, मधे परत वाजलं की मोजणी परत पहिल्यापासून, म्हणून ते अर्धा तास अर्धा तास करत लांबलं. आणि रावेर-यावलकडचं मे-जूनचं वादळ तुम्हाला मी काय सांगू, बघता बघता केळीच्या बागा आडव्या करून जातं.

आता पोराचं. काट्यावर २२ किलो भरला, आमच्याकडे ३० च्या खाली सोडत नाही. तुम्ही लिहिलंय "हलका आहे तर उलट सोपं". नाही हो. हलकं पोरगं समोरून वारा आला की टॉवरच्या तीस-चाळीस फूट अलीकडेच थांबतं आणि मग मागे घरंगळत जाऊन वायरच्या झोलात, म्हणजे मधे वायर खाली झुकते तिथे, लटकून बसतं, खाली दरी, पोरगं रडतंय, आणि आमचा मुलगा वायरला उलटा लटकून हाताने सरकत त्याला आणायला जातोय. त्यात आपलं ऊन. वायर तापली की लांबते, २० डिग्रीच्या फरकाला २०० मीटरमागे जवळपास ५ सेंटीमीटर, तेवढ्यानेही झोल वाढतो, म्हणजे सकाळी पोचणारं पोरगं दुपारी पोचेलच असं नाही. मांडीवर घेऊन जातो म्हणालात, पण दोघांचं वजन मिळून शेवटच्या ब्रेकवर धडकतं आणि पोराला धरून ठेवायला फक्त तुमचे दोन हात. जून २०२५ मधे मनालीला नागपूरची मुलगी झिपलाईनवरून पडली तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. आमच्याकडे प्रत्येकाला दोन वेगळे पट्टे लावतो, एक सुटला तर दुसरा. मांडीवरच्या पोराला एकही नाही.

काटा सगळ्यांनाच आहे, कारण तोंडी विचारलं की लोक दहा किलो कमीच सांगतात (मी पण सांगतो, खोटं कशाला बोलू).

ओढणीचा राग मी समजू शकतो, पण पुली तोंडासमोरच फिरते, ओढणी किंवा मोकळे केस वायर आणि चाकाच्या मधे गेले की पुली जाम आणि फास गळ्याला. कमरेला बांधली तरी वाऱ्यात सुटते. वहिनींशी आमची ताईच बोलली होती, पोरं नाही.

पैसे बुडाले नाहीत भाऊ. हवामानामुळे बंद झालं तर पूर्ण परत किंवा तेच तिकीट पुढे चालतं, बोर्ड काउंटरवरच आहे, तुम्ही रागात न विचारता निघून गेले. तिकिटाचा फोटो पाठवा, आजच परत करतो.

यायचं असेल तर सकाळी ८ ला या, तेव्हा वारा पडलेला असतो, आणि बूट घालून या, चपलेवर सोडणार नाही, त्यावरून परत भांडण नको.