भंगार म्हणू नका तिला

मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्रपरवाने असल्याची बातमी बाहेर आली. तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाद धुमसतोय. कमरेला पिस्तूल खोचून रील काढणारे, वरातीत हवेत बार काढणारे, पुढाऱ्यांच्या मागेपुढे फिरणारे, या सगळ्यांवर बोलून झालं की पुण्यात प्राध्यापक असलेला माझा चुलत भाऊ माझ्याकडे वळतो. मी कॅनडात असतो. कधीतरी हौसेनं माझ्या ली-एन्फिल्डचा, म्हणजे आपल्या पोलिसांकडे असायची त्या .३०३ रायफलीचा फोटो टाकला होता. त्यावर त्यानं लिहिलं, "अरे, इकडे पोलिसांनी भंगारात काढलेली थ्री नॉट थ्री तू पैसे मोजून घेतलीस? तिकडे गेलं की माणसाला बंदुकीचं वेड लागतं, हेच खरं." त्याखाली आत्या-मामांचे अंगठे.

यातल्या 'भंगार'नं मला जास्त लागलं. वेडाचं नंतर बोलू.

मी आयटीआय झालेला फिटर. कुडाळहून निघालो, मुंबईत कारखान्यात राबलो आणि आता सस्कॅटूनजवळच्या पोटॅश खाणीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर हातात लोखंडच असतं. लोखंडाला भंगार कधी म्हणायचं ते मला कळतं. मी पहिली रायफल घेतली ती रशियन मोसिन-नागांट, १८९१ साली ठरलेल्या डिझाइनची. साडेतीन कोटींच्या वर बनलेल्या या रायफली सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतून निघाल्या आणि जगभर विकल्या गेल्या. इथे तेव्हा दोनशे डॉलरच्या आसपास मिळायची. नवी शिकारी रायफल दुर्बिणीसकट घ्यायची तर हजाराची बात होती, आणि मी नुकताच घराचे हप्ते भरायला लागलो होतो.

दुकानातून आणली तेव्हा ती आतून-बाहेरून कॉस्मोलिननं लडबडलेली होती. हे तपकिरी, चिकट, मेणासारखं ग्रीस. दशकानुदशकं गंज चढू देत नाही. बोल्ट (काडतूस नळीत सरकवून मागून बंद करणारा दांडा) सोडवला, धातूचे सुटे भाग उकळत्या पाण्यात टाकले, लाकडी दस्ता काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जुलैच्या उन्हात गाडीत ठेवला. संध्याकाळपर्यंत लाकडातून ग्रीस पाझरून खाली थेंब साचले होते. मग दिसलं खरं काम. इझेव्हस्कचा शिक्का, साल १९४२. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावर, कटरच्या खरबरीत रेषा तशाच, पॉलिश करायला कुणाला वेळच मिळालेला नाही. जर्मन फौजा चालून येत होत्या, तुळाचा कारखाना पूर्वेकडे हलवावा लागला होता, आणि इझेव्हस्कला दिवसरात्र रायफली निघत होत्या. युद्धाआधीच्या मोसिनवर हात फिरवा, गुळगुळीत लागते. १९४२ च्या रायफलीवर घाई बोटाला लागते. पण जिथे माप चुकवून चालणार नाही, म्हणजे काडतूस बसतं तो चेंबर, बोल्ट अडकवून धरणारे लग, बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर (हेडस्पेस), तिथे काम चोख आहे. बाहेरून ओबडधोबड आणि आतून मापात, असं काम करणाऱ्या त्या अनोळखी माणसांना माझा फिटरचा नमस्कार. दोनशे डॉलरमध्ये एवढी शिकवण कुठलं कॉलेज देतं?

स्वस्त म्हणून लोक घेतात हे खरं, पण नुसतं स्वस्त म्हणून नाही. बोल्ट-अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीला हात हलवावा लागतो. दांडा उचला, मागे ओढा, रिकामं पुंगळं उडतं, पुढे ढकला, खाली दाबा. मधे विचाराला जागा राहते. त्या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमुळे नळीत क्षार राहतात, म्हणून नेमबाजीहून आल्यावर गरम पाणी ओतून धुवावी लागते, नाहीतर थोड्या दिवसांत गंजते. आळशी माणसाचा हा छंदच नव्हे.

आता ली-एन्फिल्ड, जिला माझा भाऊ भंगार म्हणतो. १९१४ मध्ये कॅनडाचे सैनिक आपली देशी रॉस रायफल घेऊन युरोपात गेले. नेम फार सुंदर, पण १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या चिखलात बोल्ट अडकायला लागले. पोरं बुटानं लाथा मारून बोल्ट उघडत होती, आणि मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या ली-एन्फिल्ड उचलून लढत होती. त्यानंतर कॅनडाची फौज ली-एन्फिल्डवर आली. दुसऱ्या महायुद्धात ओंटारिओतल्या लाँग ब्रांचला नऊ लाखांच्या वर बनल्या. युद्ध संपलं आणि त्या किरकोळ भावात हार्डवेअरच्या दुकानांत आल्या. इथल्या शेतकऱ्यांनी पुढचं लाकूड करवतीनं कापून वजन कमी केलं आणि त्याच रायफलीवर मूस आणि हरणं मारून हिवाळे काढले. अशी कापलेली एन्फिल्ड अजून शेतांमधून जाणाऱ्या कितीतरी ग्रिड रोडवरच्या घरांत सापडेल. संग्राहक त्यावर हळहळतात; मला त्या करवतीच्या खुणांत घर चालवणारा माणूस दिसतो.

आणि कॅनेडियन रेंजर्स. उत्तरेत, बर्फात गस्त घालणाऱ्या या तुकड्यांकडे ली-एन्फिल्ड २०१८ च्या सुमारास नवी रायफल येईपर्यंत होती. उणे चाळीसला, ध्रुवीय अस्वलाच्या मुलखात, कारण ती दगा देत नव्हती. नवी आली तेव्हा जुनी रायफल ज्यानं वागवली त्यालाच ठेवून घ्यायची मुभा दिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी संचलनात .३०३ ला निरोप दिला, तेही मला बरं वाटलं होतं. निदान कुणीतरी निरोप दिला.

भाऊ यावर म्हणतो, बासष्टला आपल्या जवानांचा घात हिनंच केला आणि २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर रेल्वे पोलिसांच्या हातात हीच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण समोर ऑटोमॅटिक शस्त्रं आलेली असताना पन्नास वर्षांपूर्वीची रायफल शिपायाच्या खांद्यावर कुणी ठेवली? सरावाला काडतुसं कुणी दिली नाहीत? खरेदीच्या फायली दाबून बसणाऱ्यांचं पाप रायफलीच्या डोक्यावर फोडायचं, हा आपला जुना शहाणपणा.

माझ्याकडची ली-एन्फिल्ड लाँग ब्रांचची नाही, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याची आहे. गन शोमध्ये एका टेबलावर इतर पाच-सहांच्या मधे पडली होती. पितळी बट-प्लेट, मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला तो स्क्रू (इशापूरची खास खूण), आणि पट्टीवर मुकुटाखाली जीआरआय (राजा-सम्राट जॉर्जची आद्याक्षरं), इशापूर, १९४२. विकणाऱ्याला ती 'इंडियन' म्हणून थोडी कमी किमतीची वाटत होती. इथल्या बाजारात लाँग ब्रांचला भाव चढा आणि इशापूरला उतरता, हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही. हुगळीकाठी, कलकत्त्याच्या वर, बंगाली-बिहारी कारागिरांनी केलेलं हे काम मी मायक्रोमीटर लावून पाहिलंय. १९४२ म्हणजे गवालिया टँकवर 'चले जाव' झालं ते साल. एकीकडे देश त्या मुकुटाला जा म्हणत होता आणि दुसरीकडे त्याच देशाचे हात त्या मुकुटाच्या शिक्क्याची रायफल मापात बसवत होते. मी ती घासाघीस न करता घेतली.

ही रायफल मला माझ्या देशात ठेवता आली नसती. .३०३ आपल्याकडे 'प्रोहिबिटेड बोअर'मध्ये मोडते. सैन्याचं काडतूस, म्हणून सामान्य नागरिकाला बंद. त्याच इशापूरनं नागरिकांसाठी .३१५ ची रायफल काढली, जवळपास तेच यंत्र, फक्त काडतूस वेगळं.

वेडाचं बोलायचं तर माझ्या वडिलांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. कोकणात अशा कितीतरी घरांत असतात. भातात रानडुकरं, नारळावर आणि काजूवर माकडं. बार काढला की चार दिवस शांतता. निवडणूक लागली की आचारसंहितेत ती पोलीस ठाण्यात जमा. महिन्या-दीड महिन्यानं परत मिळायची तेव्हा नळीला गंज धरलेला असायचा, आणि बाबा ओटीवर बसून चिंधीला खोबरेल लावून ती पुसत राहायचे. परवाना नव्याला टाकला की चौकशीसाठी हेलपाटे. त्याच वेळी तालुक्याच्या गावात एका ठेकेदाराच्या पोराच्या कमरेला परदेशी पिस्तूल होतं, आणि ते कुठल्याच निवडणुकीत जमा झालेलं कुणी पाहिलं नाही. बीडच्या यादीवर चर्चा करणाऱ्यांनी हा फरक आधी बघावा. शस्त्र मिरवणारा आणि शस्त्र सांभाळणारा ही दोन वेगळी माणसं आहेत, आणि आपली व्यवस्था हेलपाटे घालायला लावते ते दुसऱ्यालाच. चव्वेचाळीस इंची लांब, चार किलोची रायफल कमरेला खोचून कुणी रील काढत नाही.

आणि इकडे काय रस्त्यावर वाटतात काय? कोर्स केला, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा दिली. दोन माणसांची नावं द्यावी लागली. बायकोची सही लागली. गेल्या दोन वर्षांत घटस्फोट झालाय का, नोकरी गेलीय का, हेही फॉर्मवर विचारतात. पहिल्या अर्जाला किमान २८ दिवस थांबवतात. परवाना मिळाल्यावरही माझं नाव रोज पोलिसांच्या नोंदींशी ताडलं जातं. घरात कुलूप, गाडीत गोळी काढलेली. यातल्या एकाही गोष्टीबद्दल माझी तक्रार नाही. २०२० मध्ये नोव्हा स्कोशियात २२ माणसं मारली गेली, त्यानंतर सरकारनं सुमारे दीड हजार मॉडेलं बंद केली. रेंजवर लोक अजून चिडून बोलतात. मी गप्प ऐकतो, कारण मला बोल्ट-अ‍ॅक्शन पुरते आणि ती कुणी मागितलेली नाही.

शेजारच्या अमेरिकेचं माझ्या नावावर टाकू नका. तरी एक गोष्ट मीच सांगतो, कारण ती दडवणं बरोबर नाही. केनेडींना लागलेली गोळी अशाच एका स्वस्त, जुन्या लष्करी बोल्ट-अ‍ॅक्शनमधून सुटली होती. इटालियन कार्कानो, शिकागोच्या दुकानातून टपालानं मागवलेली, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलर. कुणी काही विचारलं नाही. १९६८ मध्ये अमेरिकेनं ही टपालाची विक्री बंद केली. तेव्हा माझ्यासमोर 'जुनी रायफल निरुपद्रवी असते' असं कुणी म्हणालं तर मी त्याला गप्प करीन. ती पूर्ण ताकदीचं शस्त्र आहे. म्हणूनच ती मागणाऱ्याला प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते ठेकेदाराच्या पोरालाही विचारले पाहिजेत.

मला खरं जे सांगायचं आहे ते ग्रुपवर लिहिता येत नाही. या गावात मी बरीच वर्षं 'खाणीतला इंडियन' होतो. हॉकीतलं कळायचं नाही, चर्चला जाणं नाही, टिम हॉर्टन्सच्या कॉफीशॉपमध्ये टेबलावर बसलो तरी बोलणं माझ्या बाजूनं वळायचं नाही. रेंजवर इशापूर बेंचवर ठेवली तेव्हा एक म्हातारा शेतकरी स्वतः उठून आला. त्याचा बाप इटलीत लढला होता. मी त्याला सांगितलं की इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्री होती, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एकाला मरणोत्तर. त्याला हिंदी फौजा इटलीत होत्या हेच ठाऊक नव्हतं. त्यानं रायफल हातात घेतली, बोल्ट दोनदा मागेपुढे केला, म्हणाला, माझ्या रायफलीपेक्षा सफाईदार चालतोय. त्या दिवसापासून मला इथे माझ्या नावानं हाक मारतात.

म्हणून 'तिकडे गेलं की वेड लागतं' याचा राग येतो. मी माझं गाव टाकून ही रायफल धरली नाही. इथे उभं राहायला मला जे काही गावाकडचं मिळालं, त्यात ती आहे. भाऊ दर दिवाळीला विचारतो, परत कधी येतोस. यायचं ठरलं तर ती आणता येणार नाही. कायद्यानं ती देशाबाहेरच बरी. शेजाऱ्याच्या मुलीनं नुकताच कोर्स पूर्ण केलाय. तिनं मला सांगून ठेवलंय की विकायची झाली तर आधी मला विचारा.

परवान्याची मुदत येत्या मार्चमध्ये संपते. नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. फॉर्म टेबलावर पाहून बायकोनं विचारलं, "म्हणजे अजून पाच वर्षं?" मी हो म्हटलं, आणि तिनं सही केली.