आरपीजी बनवायला आधी सी प्लस प्लस लागत नाही

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली इथल्या कॉलेजच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. थोडक्यात तो असा: आरपीजी, म्हणजे रोल-प्लेइंग गेम (एखादं पात्र होऊन गोष्ट आणि लढाया पुढे नेण्याचा गेम), बनवायच्या फंदात नवशिक्यानं पडू नये. आधी सी प्लस प्लस ही प्रोग्रामिंगची भाषा शिकावी, मग स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ प्रोग्राम, लिहावं. आरपीजी मेकरसारखं तयार टूल वापरून केलेला गेम खरा नव्हे. हे एकट्यादुकट्याचं काम नाही. टीम लागते, महागडा पीसी लागतो, चित्रकार लागतो. आणि मराठीत बनवलात तर खेळणार कोण?

मी ऐरोलीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी नौपाड्यातल्या काही मुलामुलींना गेम बनवायला मदत करतो. हा मेसेज वाचून चांगलं चाललेलं काम सोडून दिलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

पहिला मुद्दा सी प्लस प्लसचा. रिचर्ड गॅरियटनं टेक्सासमध्ये शाळेत असताना ॲपल टू संगणकावर ‘अकलाबेथ’ हा आरपीजी लिहिला तो बेसिक भाषेत, १९७९ साली. सी प्लस प्लस बाजारात आली १९८५मध्ये. म्हणजे संगणकावरचे आरपीजी त्या भाषेहून जुने आहेत. त्याच्याही आधी, १९७४मध्ये, आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळला जातो. आयुष्याचे गुण, अनुभवाचे गुण, पातळी वाढणं ही आरपीजीची सगळी भाषा तिथून आली. आज मोफत मिळणाऱ्या गोडो इंजिनची जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनच्या वळणाची आहे, आणि बारावीला पायथन शिकलेल्या मुलाला ती परकी वाटत नाही. मोठ्या स्टुडिओत नोकरी हवी असेल तर सी प्लस प्लस किंवा सी शार्प पुढे शिकावी लागेल, हे मान्य. तो नोकरीचा प्रश्न झाला. त्यासाठी पहिला गेम अडवून ठेवायचं कारण नाही.

स्वतःचं इंजिन लिहिणं हा आनंदाचा विषय आहे, पण वेगळा. इंजिन लिहायला बसलेला माणूस इंजिनच लिहीत राहतो.

तयार टूलचा गेम खरा नव्हे, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण त्यात मेहनत नेमकी कुठे असते याचीच चुकीची समजूत आहे. कान गाओचा ‘टू द मून’ २०११मध्ये आला तो आरपीजी मेकरच्या एक्सपी आवृत्तीवर. ‘ओमोरी’ २०२०मध्ये आला तो एमव्ही आवृत्तीवर. टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’, २०१५चा, गेममेकर या दुसऱ्या तयार टूलवर केलेला आहे. खेळणाऱ्यांना आत कोणतं टूल आहे याची फिकीर नव्हती.

टूल तुम्हाला काय देतं? नकाशा रंगवायची सोय, दार उघडणं, संवादाची चौकट, गेम सेव्ह करणं. ते काय देत नाही, ते एका उदाहरणानं सांगतो. आरपीजी मेकरच्या एमझेड आवृत्तीत साध्या हल्ल्याचं सूत्र आधीच भरलेलं असतं: मारणाऱ्याचा हल्ला गुणिले ४, वजा समोरच्याचा बचाव गुणिले २. समजा नायकाचा हल्ला २० आहे. बचाव १० असलेल्या शत्रूला ६०चा फटका बसतो, बचाव ३० असलेल्याला २०चा, आणि बचाव ४० झाला की शून्याचा. पातळी वाढून हल्ला एकानं वाढला की फटका चारनं वाढतो. पहिल्या शत्रूसमोर ६०चे ६४ झाले तर कुणाला कळणारही नाही. पण बचाव ३५ असलेल्यासमोर १०चे १४ होतात, म्हणजे ताकद जवळजवळ दीडपट झाल्यासारखी वाटते. एकाच आकड्यामुळे एक लढाई कंटाळवाणी होते आणि दुसरी रंगते. हे आकडे एक्सेलच्या शीटवर मांडून, खेळून, पुन्हा बदलून बसवावे लागतात आणि कोणतंही टूल ते तुमच्यासाठी करत नाही. हीच आरपीजीची कारागिरी आहे, आणि ती शिकायला पहिल्या दिवशी सी प्लस प्लसमधले पॉइंटरसारखे अवघड विषय यायची गरज नाही. सूत्र आवडलं नाही तर बदला. एमझेड आतून जावास्क्रिप्टवर चालतं, त्यामुळे ज्याला खोलात जायचंय त्याला तिथंही वाट मोकळी आहे.

आता मेसेजमधला जो भाग खरा आहे त्याकडे येतो. आरपीजी पसरतो. नकाशे, माणसं, हत्यारं, संवाद, उपकथा, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि नवशिके पहिल्याच दिवशी पन्नास तासांची गाथा ठरवतात. ती पुरी होत नाही. पण यावरचा उपाय आरपीजी सोडणं हा नाही. तो लहान करा.

लहान म्हणजे किती? १९८६चा पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ६४ केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसला. एकच नायक, आणि लढाईत समोर एका वेळी एकच शत्रू. तरीही त्याच्यावर जपानी आरपीजींची पिढी उभी राहिली. तुमचा पहिला गेम वीस-तीस मिनिटांत संपला पाहिजे. ठाण्याचंच उदाहरण घेऊ. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. आज तिथं मध्यवर्ती कारागृह आहे, सहज आत जाता येत नाही. गेममध्ये जाता येईल. एक नावाडी, त्याला किल्ल्यातल्या माणसाकडून निरोप घेऊन खाडीपलीकडे कळव्याला पोहोचवायचाय. तीन जागा: तलावाकाठची वस्ती, किल्ल्याचा तट, खाडीचा धक्का. तीन प्रकारचे शत्रू, एक दुकान, बोलणारी सहा-सात माणसं. बस.

एवढ्याशा गोष्टीतही शिकण्यासारखं भरपूर निघतं. ही कामगिरी कुठवर आली हे लक्षात ठेवायला एकच व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवणारी जागा, ठेवा: ० म्हणजे अजून कुणी भेटलं नाही, १ म्हणजे काम सांगितलं, २ म्हणजे निरोप हातात आला, ३ म्हणजे पोहोचवला. प्रत्येक माणूस हा आकडा बघून काय बोलायचं ते ठरवतो. मग पहिला खेळणारा येतो आणि वस्तीत कुणाशी न बोलता थेट तटावर जाऊन निरोप उचलतो. आकडा ०वरून एकदम २ होतो, नंतर वस्तीत गेल्यावर काम देणारा म्हातारा तेच काम सांगून आकडा १वर आणतो, आणि गेम तिथंच अडकतो. ही चूक जवळपास प्रत्येकाच्या पहिल्या आरपीजीत होते. ती दुरुस्त करताना जे कळतं ते कुठल्याच कोर्समध्ये इतक्या लवकर कळत नाही.

टीमचा मुद्दा थोडक्यात. ‘अंडरटेल’चं लेखन, संगीत आणि बहुतेक प्रोग्रामिंग टोबी फॉक्सचं, चित्रांसाठी त्यानं टेमी चँगची मदत घेतली. म्हणजे अगदी एकट्यानं नाही, पण चाळीस माणसांची टीमही नाही. वर्गातला एखादा गाणारा, एखादी चित्र काढणारी मैत्रीण, एवढं पुष्कळ झालं. पीसीबद्दल बोलायचं तर टूडी आरपीजीला महागड्या ग्राफिक्स कार्डची गरज नसते. घरातला अभ्यासाचा साधा लॅपटॉप चालतो. आरपीजी मेकर विकत घ्यावा लागतो, पण काही दिवसांची मोफत चाचणी मिळते. गोडो एमआयटी या खुल्या परवान्याखाली पूर्ण मोफत आहे, गेम विकलात तरी.

चित्रांचं तेच. केनी या संकेतस्थळावरची चित्रं सीसी-झीरो या परवान्याखाली आहेत, कुणाचं नाव न देता वापरता येतात. ओपनगेमआर्ट या संकेतस्थळावर मात्र प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो. २०१२च्या लिबरेटेड पिक्सेल कप या स्पर्धेतून आलेली माणसांची चित्रं सुंदर आहेत, पण कलाकारांची नावं द्यावी लागतात आणि बदललेलं चित्रही त्याच अटींवर द्यावं लागतं. पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये कोणतं चित्र कुणाचं, हे लिहीत चला.

राहिला मराठीचा मुद्दा. इथं खरी अडचण आहे, पण ती मेसेजमध्ये सांगितलेली नाही. अडचण अक्षरांची आहे. आरपीजी मेकर संवाद एकेक अक्षर करून उमटवतो, त्यामुळे ‘स्त्री’ आणि ‘क्षण’ यांचे तुकडे पडतात. एमझेडमध्ये अख्खी ओळ एकदम दाखवण्याचा कोड लावला की जोडाक्षरं नीट येतात. युनिटी या दुसऱ्या इंजिनात अक्षरं दाखवणाऱ्या टेक्स्टमेश प्रोमध्ये ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मार्च २०२३मध्ये आलेल्या गोडो ४मध्ये देवनागरीची मांडणी इंजिनातच आहे, म्हणून मराठी संवादांचा गेम करायचा असेल तर मी मुलांना तेच सुचवतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, गेमसोबत देता येतात.

आणि खेळणार कोण? गोडो आणि एमझेड दोन्हींमधून ब्राउझरमध्ये चालणारा गेम काढता येतो आणि इच.आयओ या गेमच्या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतो. लिंक पाठवली की तुमची मावसबहीण कोपरखैरण्यात बसून खेळेल, आजोबा नातवाच्या फोनवर संवाद वाचतील. त्यांतल्या एकाला शेजारी बसवा, स्वतः अजिबात बोलू नका, आणि कुठे अडले, कुठल्या माणसाशी बोलायचं राहिलं, कुठल्या ओळीला हसले ते वहीत लिहून घ्या. पुढच्या आठवड्याचं काम त्या पानावर असेल.