‘हाल्प आख्ट’ म्हणजे साडेसात: जर्मन क्रिमी मराठी कानाने वाचा

जर्मन क्राईम थ्रिलर आपल्यापैकी बहुतेक जण इंग्रजी अनुवादातून वाचतात. जर्मनीत या प्रकाराला ‘क्रिमी’ म्हणतात. इंग्रजीत येताना त्यातलं जे गळतं, त्यातलं बरंच मराठीत आधीपासून आहे, आणि म्हणून मराठी वाचकाला या पुस्तकांत इंग्रजी वाचकापेक्षा जास्त सापडू शकतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी वेळ, कारण खुनाच्या वेळी कोण कुठे होतं यावर अर्धी गोष्ट उभी असते. ‘हाल्प आख्ट’ म्हणजे शब्दशः अर्धं आठ. अर्थ साडेसात, आठव्या तासातला अर्धा सरला. ब्रिटिश बोलण्यात मात्र ‘हाफ एट’ म्हणजे साडेआठ. अनुवादक इथे चुकला की साक्षीदार एका तासाने पुढे सरकतो. वेळा जुळत नाहीत असं वाटलं, तर लेखकाला दोष देण्याआधी ही जागा तपासा. पूर्वेकडे आणि दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी ‘फिअर्टल आख्ट’, शब्दशः पाव आठ, म्हणजे सव्वासात आणि ‘ड्रायफिअर्टल आख्ट’, पाऊण आठ, म्हणजे पावणेआठ. ही पद्धत उत्तरेकडच्या जर्मनालाही गोंधळात टाकते. सव्वा-साडे-पावणे अंगवळणी पडलेल्या आपल्याला ती लगेच कळते.

मग ‘डू’ आणि ‘झी’. म्हणजे आपलं अरे-तुरे आणि अहो-जाहो. इंग्रजीत दोन्हींचं ‘यू’ होतं आणि चौकशीच्या खोलीतला ताणच नाहीसा होतो. जर्मनीत अरे-तुरेवर यायचं तर वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाने तसं सुचवायचं असतं. त्यामुळे नुसत्या ओळखीच्या म्हणवणाऱ्या दोघांच्या तोंडून चुकून ‘डू’ गेलं, तर तो पुरावा असतो. इंग्रजीत वाचताना प्रत्येक संवाद मनात मराठीत म्हणून बघा. कोण कोणाला ‘तुम्ही’ म्हणेल हे ठरवताना माणसांमधली अंतरं आपोआप दिसू लागतात. इंग्रजीत अचानक ‘आता मला पहिल्या नावाने हाक मार’ असं वाक्य आलं, तर मूळात तिथे बहुधा ‘डू’ची परवानगी दिलेली असते.

तिसरी गोष्ट ‘म्हणे’. दुसऱ्याचं बोलणं सांगताना जर्मनमध्ये क्रियापदाचं एक वेगळंच रूप वापरतात, ज्यातून कळतं की हे मी सांगत असलो तरी खरेपणाची हमी माझी नाही. पोलिसी जबाब आणि बातम्या या रूपाने भरलेल्या असतात. ‘तो रात्रभर घरीच होता म्हणे, शेजारणीने पाहिलं म्हणे.’ इंग्रजीत एक तर दर ओळीला ‘तो म्हणाला’ घालावं लागतं, नाही तर विधान थेट सत्य होऊन बसतं आणि वाचक फसतो. आपल्या ‘म्हणे’त शंकेची छटा जरा जास्त आहे, जर्मन रूप त्यामानाने तटस्थ. मराठी अनुवादकाने ते जपून वापरावं, पण वापरावंच.

सगळ्यात जास्त घोळ कायद्याचा होतो. जर्मन दंडसंहितेचं कलम २११ म्हणजे ‘मोर्ड’ आणि २१२ म्हणजे ‘टोटश्लाग’. दोन्हींत जीव हेतुपुरस्सर घेतलेला असतो. मोर्ड ठरायला त्याशिवाय ठरावीक लक्षणांपैकी एक तरी लागतं: हाव, क्रूरपणा, बेसावध माणसावर दगाबाजीने केलेला वार, दुसरा गुन्हा लपवण्याचा हेतू, अशी. मोर्डला जन्मठेप, टोटश्लागला सर्वसाधारणपणे किमान ५ वर्षं. मोर्डला १९७९पासून खटल्याची मुदत नाही, टोटश्लागची मात्र सहसा २० वर्षांत संपते. आता तलावात २५ वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडतो ती गोष्ट घ्या. कोणी मारलं हे कळूनही पोलीस पुढची शंभर पानं ‘का मारलं’ याच्या मागे का धावतात? कारण लक्षण सिद्ध झालं नाही, तर आरोपी कबुली देऊनही मोकळा राहू शकतो. आपल्याकडे खुनाला किंवा सदोष मनुष्यवधाला अशी मुदतच नाही, म्हणून हा भाग आपल्याला उगाच लांबवलेला वाटतो. खरं तर कथेचा जीव तिथेच असतो.

‘कोमिसार’ म्हणजे पोलीस आयुक्त नव्हे. ‘हाउप्टकोमिसार’ साधारण आपल्या निरीक्षकाच्या जागी. तपासाची सूत्रं कायद्याने सरकारी वकिलाकडे असतात, म्हणून तो प्रेताजवळ येऊन उभा राहतो. पकडलेल्या माणसाला दुसरा दिवस संपायच्या आत न्यायाधीशापुढे न्यावंच लागतं, शेवटच्या प्रकरणांतली घाई बरेचदा त्यामुळे असते. खटल्यात ज्युरी नाही, तीन न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक एकत्र बसतात. दारात पोलीस ‘गेफार इम फेअरत्सूग’ म्हणतात तेव्हा आत कोणाच्या जिवाला धोका असेलच असं नाही. न्यायाधीशाच्या आदेशासाठी थांबलो तर पुरावा जाईल, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत त्याचं ‘इमिनंट डेंजर’ झालं की वाचक भलत्याच भीतीने पान उलटतो.

विकत घेताना पुस्तकाच्या नावावर जाऊ नका. आतल्या तपशिलाच्या पानावर मूळ जर्मन नाव आणि साल असतं, ते पाहा. इंग्रजी प्रकाशक मालिका मधूनच सुरू करतात. नेले नॉयहाउस यांची ताउनुस परिसरातली मालिका इंग्रजीत चौथ्या पुस्तकापासून आली. नावंही बदलतात. बर्लिन पोलिसांच्या बोलीत न सुटलेल्या प्रकरणाला ‘ओला मासा’ म्हणतात. फोल्कर कुचर यांच्या १९२९च्या बर्लिनमध्ये घडणाऱ्या कादंबरीचं मूळ नाव तेच आहे, इंग्रजीत तिचं ‘बॅबिलोन बर्लिन’ झालं.

उच्चारांचं आपल्याला सोपं आहे. जर्मन ‘झेड’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, इंग्रजी माणसाला शब्दाच्या सुरुवातीला तो जड जातो. ‘डब्ल्यू’चा व, ‘जे’चा य, ‘व्ही’चा बहुतेक वेळा फ. वॅग्नर नाही, वाग्नर. जुर्गेन नाही, युर्गन.

म्हणूनच मराठीत ही पुस्तकं इंग्रजीवरून नव्हे, थेट जर्मनमधून यायला हवीत. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवनं आहेत, जर्मन नीट शिकलेली माणसं आहेत. फक्त त्यांनी टोटश्लागसाठी संवादात ‘सदोष मनुष्यवध’ लिहू नये. तो शब्द कोर्टात शोभतो. दमलेला हाउप्टकोमिसार रात्री दोन वाजता सहकाऱ्याला एवढंच म्हणेल, ‘जीव घेतला त्याने, पण खून नाही ठरायचा.’