ग्लासभर पाणी

हिंदमाताला पाणी तुंबलं, त्या दिवशी मी गुडघाभर पाण्यातून लालबागला चालत आलो. टाचेला चप्पल चावलेली जखम. "लेप्टोची भीती नको," म्हणून (लेप्टो म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा ताप) डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिनच्या 100 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल एकदम घ्यायला सांगितल्या. आठवलं रात्री, आडवा झाल्यावर. तांब्या स्वयंपाकघरात, मी पलंगावर, उठणार कोण? दोन्ही थुंकीबरोबर ढकलल्या आणि घोरायला लागलो.

पहाटे छातीत निखारा. आवंढा गिळला की कळ थेट पाठीत. चहाचा पहिला घोट कुठे थांबला, कुठे वळला, मी बोटाने दाखवू शकलो असतो. शेजारच्या काकूंनी पुदिन्याचा अर्क पाठवला. (पुदिन्याने जठराच्या तोंडाची झडप सैलावते, हे नंतर कळलं. तोवर अर्धी बाटली संपली होती.) शेवटी टॅक्सी.

आधी ईसीजी. छातीत दुखतंय म्हटल्यावर तो हवाच. तो नॉर्मल निघाला, तसं डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कशा घेतल्या?"

"तोंडाने."

"पाणी किती?"

मी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती.

मग दुर्बीण. घशात कडू फवारा, जीभ बधिर, दातांत प्लास्टिकचं कडं, म्हणजे भांडणाचीही सोय नाही. अन्ननलिका असते जेमतेम 25 सेंटिमीटर, पण माझ्या कॅप्सूल निम्म्या वाटेवर, महाधमनी तिला खेटते तिथे, मुक्कामाला थांबल्या होत्या. हे औषध आम्लधर्मी. रात्रभर तिथेच विरघळलं आणि भाजलं. समोरासमोर दोन जखमा. दोन कॅप्सूल, दोन जखमा, हिशेब चोख.

नाश्त्याआधी अर्धा तास आम्ल कमी करणारी गोळी, सुक्राल्फेटचं दाट सिरप आणि गार, मऊ खाणं. घास अडकला, रक्ताची उलटी झाली किंवा शौचाला काळं झालं तर तडक या, अशी तंबी. आठ दिवस दूधभात खाल्ला. घरात नेमकी त्याच आठवड्यात कोंबडीवड्यांची लाट आली होती.

आता गोळीची वेळ झाली की ही काठोकाठ भरलेला ग्लास घेऊन समोर उभी. तो संपवायचा, वर अर्धा तास पाठ टेकायची नाही. परवा पुन्हा धो धो कोसळायला लागला. ही खिडकीतून म्हणाली, "अहो, गोळी घ्यायला हिंदमातालाच जा ना. पाणी तिथेच आहे, उठायला नको."