राजा दुष्ट आहे, एवढ्याने राजकारण होत नाही

आज दुपारी ओळखीच्या एका मंडळींकडे डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र होऊन मिळून गोष्ट घडवायचा खेळ, खेळायला पाहुणी म्हणून गेले होते आणि घरी आल्यापासून मनातला राग शमत नाही, म्हणून लिहिते आहे. कथानकात दरबार होता, एका सरदारावर फितुरीचा आरोप होता आणि आमच्यातल्या एका पात्राला त्याची बाजू मांडायची होती. मी सरसावून बसले. डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, सांगितले, ‘पर्स्वेजनचा, मन वळवण्याचा फासा टाक.’ विसापैकी अठरा आले आणि सरदार सुटला. आरोप कोणी केला, कोणत्या अधिकाराने केला, तो शाबीत झाला असता तर सरदाराची जहागीर कोणाच्या पदरात पडली असती, यांपैकी एकही प्रश्न टेबलावर कोणाला पडला नाही. शेवटी कळले की राजाचा सल्लागार दुष्ट आहे. तो दुष्ट का आहे, हे विचारायचीही कोणाला गरज वाटली नाही.

संघर्ष खरा वाटायचा असेल तर दोन्ही बाजूंच्या हातात खरा कागद असला पाहिजे. दोघांचाही हक्क रास्त आणि दोन्ही हक्क एकाच वेळी अमलात येणे अशक्य, अशी गाठ बसली की दुष्ट सल्लागार लागतच नाही.

माझ्या कॅम्पेनमधला, म्हणजे अनेक बैठकांतून चाललेल्या सलग कथेतला, पाटाच्या पाण्याचा तंटा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. वरच्या गावातल्या देवस्थानाकडे जुन्या राजाची सनद होती की ओढ्याचे सगळे पाणी देवाचे. खालचे गाव पिढ्यान् पिढ्या त्याच पाण्यावर जगत होते आणि त्या बदल्यात दरवर्षी बांध दुरुस्त करून देत होते. नव्या राजाला राज्याभिषेकासाठी देवस्थानाचा आशीर्वाद हवा होता आणि सीमेवरच्या लढाईसाठी खालच्या गावची माणसे हवी होती, त्यामुळे निकाल देण्याचे तो टाळत होता. त्या संध्याकाळी कोणीही तलवार उपसली नाही. एरवी ज्याला फक्त लढाई हवी असते, असा आमचा एक मित्र पॅलाडिन, म्हणजे शपथेला बांधलेला धर्मयोद्धा, खेळत होता. त्याचे पात्र खालच्या गावचे, आणि त्यालाच साक्षीला बोलावले: यंदा गावाने बांध दुरुस्त केला होता का? केला नव्हता, आणि ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. खोटे न बोलण्याची शपथ त्याच्या गळ्यात होती. तो कितीतरी वेळ नुसता बसून राहिला.

हा तंटा मला आपल्याच जुन्या वतनाच्या भांडणांतून सुचला. मराठेशाहीतल्या निवाड्यांचे कागद एकदा वाचून पाहा. दोन्ही पक्षांनी आपापली तकरीर, म्हणजे जबानी, द्यायची, हक्काचा करीना, म्हणजे पूर्वापार हकीकत, सांगायचा, निकाल मान्य करू असा राजीनामा लिहून द्यायचा, जामीन उभे करायचे. मग वतनदार-गावकऱ्यांची गोतसभा बसायची आणि निवाड्याचा महजर व्हायचा. त्यावर पाटील नांगराची निशाणी करायचा. हरलेल्याकडून येजितखत घ्यायचे, म्हणजे आपण खोटे ठरलो हे त्याने स्वतः लिहून द्यायचे. कागद आणि साक्षी अपुऱ्या पडल्या तर दिव्य, म्हणजे देवावर सोडलेली कसोटी: कढत तेलातून धातूचा रवा हाताने काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची. आणि जिंकणाऱ्याने हरकी (जिंकल्याची भेट) भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी (दंड), म्हणजे निकाल कसाही लागला तरी सरकारात पैसा जमा! न्याय देणाऱ्याचाच तंट्यात लाभ असेल, तर त्याहून मोठे राजकारण आणखी कुठून आणायचे? आज्ञापत्र या राजनीतीवरच्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे, म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. त्यांना दुखवायचे नाही आणि मोकळेही सोडायचे नाही, ही राजाची अडचण जशीच्या तशी उचलून टेबलावर ठेवता येते.

‘आमचे जग युरोपच्या मध्ययुगातले आहे’ असे म्हणणाऱ्यांनी निदान तो युरोप तरी नीट पाहावा. पुरोहिताने गुन्हा केला तर त्याला राजाने शिक्षा करायची की धर्मपीठाने, यावरून इंग्लंडचा दुसरा हेन्री आणि आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्यात ११६३ मध्ये ठिणगी पडली आणि ११७० मध्ये बेकेटचा त्याच्याच चर्चमध्ये खून झाला. खेळातल्या जवळजवळ प्रत्येक टोळीत एक क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने जादू करणारा पुरोहित, असतो. त्याच्यावर खटला चालवायचा अधिकार कोणाचा, हे आजवर कोणी विचारले आहे? मॅग्ना कार्टाही घ्या, राजाच्या अधिकाराला मर्यादा घालणारा त्याचा सरदारांशी झालेला करार. १२१५ च्या जूनमध्ये तो झाला, ऑगस्टमध्ये राजा जॉनच्या विनंतीवरून पोपने तो रद्द ठरवला आणि पुन्हा युद्ध पेटले. आपल्या खेळाच्या टेबलांवर मात्र तहावर सह्या झाल्या की ढोल वाजतात आणि पुढचे सत्र नव्या गुहेत सुरू होते.

जादू असली की कायदा निरर्थक ठरतो, हे तर मला मुळीच पटत नाही. उलट कायद्याला खरे काम तिथेच मिळते. झोन ऑफ ट्रुथ या मंत्राच्या प्रभावाखाली जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही, पण मोघम उत्तर देता येते. म्हणजे वकिलाचे सगळे कसब प्रश्न कसा विचारायचा यात आले. स्पीक विथ डेड या मंत्राने मृताला पाचच प्रश्न विचारता येतात. ते पाच कोणी ठरवायचे, फिर्यादीने की आरोपीने? रेज डेड या मंत्राने दहा दिवसांच्या आत मेलेला माणूस परत येतो, पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा असेल तर. मग राजा वारल्यावर युवराजाचा अभिषेक अकराव्या दिवसाआधी करायचा की नाही? त्या दहा दिवसांत राज्यातले हिरे कोण विकत घेऊन ठेवतो? एवढ्यावर वर्षभर खेळता येईल.

मान्य आहे, दिवसभर राबून आलेल्या माणसाला कधी कधी फक्त गॉब्लिन मारायचे असतात. मारावेत. पण ‘हा खेळ मुळात लढाईचा, राजकारण तुम्ही मागून घुसडता’ असे कोणी म्हणाले की माझा संयम सुटतो. १९६९ च्या सुमारास डेव्हिड वेस्लीने ब्राउनस्टाइन नावाचा युद्धखेळ मांडला तेव्हा सैन्यांबरोबरच गावातली माणसेही खेळाडूंना दिली होती, अगदी नगराध्यक्षापासून, आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा. त्या मंडळीत डेव्ह आर्नेसन होता. त्याने त्यातूनच पुढे ब्लॅकमूर हे खेळासाठीचे काल्पनिक जग उभे केले आणि गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स आणले. एका गावातले परस्परविरोधी हेतू या खेळाच्या मुळाशीच आहेत.

आमचा पॅलाडिन अखेर खरे बोलला. त्याच्या तोंडच्या साक्षीने त्याच्याच गावाचा दावा बुडाला. हे लिहिताना माझा राग बराच निवळला आहे, कारण त्यानंतर त्याने जे केले ते मी योजलेले नव्हते. तो म्हणाला, ‘देवस्थानाने निम्मे पाणी सोडावे, बांधासाठी गावाचा जामीन मी राहतो.’ पुजाऱ्यांनी ते लिहून घेतले, त्याने निशाणी केली. कोणताही फासा पडला नाही. एका लढाऊ पात्राला त्या दिवशी असा शत्रू मिळाला, ज्याच्यावर त्याला तलवार चालवता येत नाही: स्वतःचा शब्द.

तेव्हापासून तो कुठल्याही मोहिमेवर निघाला की आधी बांधाची चौकशी करतो. यंदा गावची तरणी माणसे राजाने सीमेवर नेली आहेत, बांध तसाच पडला आहे आणि देवस्थानाचा कारभारी जामिनाचा कागद घेऊन निघाला आहे. पुढचे सत्र तिथून सुरू होईल. गाव, राजा आणि देवस्थान या तिघांचेही म्हणणे कागदाप्रमाणे बरोबर आहे, आणि त्याने काय करावे हे मीही ठरवून ठेवलेले नाही.